जे.जे. वॉटची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनमध्ये नव्याने आलेली आपली मराठी मंडळी आणि तिकडे पुण्या-नाशकात रात्र जागून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग) बघायला लागलेली पोरं, दोघांकडूनही जे.जे. वॉटबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एकत्र करून उत्तरं लिहिलीत. आधी सोपे आहेत, किचकट पुढे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. हा जे.जे. वॉट नक्की कोण? थोडक्यात सांगा ना.

पूर्ण नाव जस्टिन जेम्स वॉट, जन्म २२ मार्च १९८९, विस्कॉन्सिन राज्यातला. वडील फायरमन, तिघा भावांत हा थोरला. उंची सहा फूट पाच इंच, वजन १३० किलोच्या आसपास. २०११ ते २०२० ह्यूस्टन टेक्सन्सकडून आणि मग दोन सीझन ॲरिझोना कार्डिनल्सकडून खेळला. एकूण १५१ सामने, ११४.५ सॅक (म्हणजे काय ते प्रश्न ३ मध्ये), आणि वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्स प्लेअरचा किताब तीनदा, २०१२, २०१४ आणि २०१५ ला. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, एकही नाही, त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये सविस्तर लिहिलंय कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतो.

२. डिफेन्सिव्ह एंड म्हणजे काय? तो मैदानात करतो काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये टीमचे ऑफेन्सचे अकरा वेगळे आणि डिफेन्सचे अकरा वेगळे, बॉल कोणाकडे आहे त्यावरून हे आत येतात, ते बाहेर जातात. डिफेन्सची पहिली फळी म्हणजे लाइन, आणि त्या लाइनच्या दोन टोकांना जे उभे राहतात ते एंड.

आता खरी गंमत पुढे आहे. वॉट आला तेव्हा वेड फिलिप्स हे टेक्सन्सचे डिफेन्सचे कोच झाले होते आणि त्यांची पद्धत ३-४ ची, म्हणजे पुढे लाइनमध्ये तीन माणसं आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. या पद्धतीत एंडने मुळात नाव कमवायचं नसतंच, समोरचे दोन दोन ब्लॉकर अंगावर घ्यायचे, जागा अडवून धरायची आणि मागच्या लाइनबॅकरला मोकळं सोडायचं, मग सॅक त्याच्या नावावर आणि टीव्हीवर चेहराही त्याचाच. वॉटने त्या जागेवरून खेळून लीगमध्ये सगळ्यात जास्त सॅक काढल्या. पुढे कोचही त्याला एका जागी बांधून ठेवेनात, कधी टोकाला, कधी मधे, कधी डावीकडे कधी उजवीकडे, समोरच्याला कळायचंच नाही की हा आता कुठून येणार.

३. सॅक म्हणजे काय? आणि साडेवीस सॅक कशा काय, अर्धी सॅक असते का?

क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्सचा डाव चालवणारा आणि बॉल फेकणारा, फेकायच्या तयारीत असताना, डाव जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच त्याला पाडलं की सॅक. कबड्डीत रेडर मधली रेषा गाठायच्या आत त्याला धरून पाडतात ना, साधारण तसंच, फक्त मधे दीडशे किलोचे ब्लॉकर उभे असतात. अर्धी सॅक असते हो, दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धी अर्धी.

काही बारकावे पण लक्षात ठेवा. बॉल घेऊन पळणाऱ्याला, म्हणजे रनिंग बॅकला, रेषेच्या मागे पाडलं तर ती सॅक नाही, ते वेगळं मोजतात, त्याला टॅकल फॉर लॉस म्हणतात. प्लेऑफमधल्या (सीझननंतरच्या बाद फेरीतल्या) सॅक करिअरच्या आकड्यात धरत नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा. आणि सॅक अधिकृतपणे मोजायला लागले ते १९८२ पासून, त्यामुळे जुन्या लोकांशी तुलना करताना जरा जपून (प्रश्न १६).

४. तो आधी दुसऱ्याच जागी खेळायचा आणि पिझ्झा पोचवायचा, हे खरं का?

खरं आहे. शाळेतून निघाला तेव्हा मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नाही, सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप दिली ती टाइट एंड म्हणून, म्हणजे ऑफेन्सचा माणूस, ब्लॉक करायचं आणि पासही पकडायचे. तिथे २००७ च्या सीझनमध्ये फक्त ८ पास पकडले. कोचना वाटत होतं त्याने ऑफेन्सिव्ह टॅकलच्या (नुसतं ब्लॉक करायच्या) जागी जावं, याला ते पटलं नाही, आणि पठ्ठ्याने सरळ स्कॉलरशिप सोडली आणि आपल्या राज्यातल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत वॉक-ऑन म्हणून गेला. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी आपली आपण भरायची, टीममध्ये जागेची खात्री नाही. मधल्या काळात पिझ्झा हटमध्ये डिलिव्हरीचं काम केलं.

ट्रान्सफरच्या नियमामुळे २००८ चं वर्ष बाहेर बसावं लागलं. त्या वर्षी तो फक्त प्रॅक्टिसमध्ये स्वतःच्याच टीमच्या ऑफेन्ससमोर डिफेन्समध्ये उभा राहायचा, आणि त्यातच डिफेन्सिव्ह एंड तयार झाला. २०१० मध्ये ७ सॅक, २१ टॅकल फॉर लॉस आणि लॉट ट्रॉफी, कॉलेजमधल्या डिफेन्सच्या खेळाडूला देतात ती. मिळत असलेली स्कॉलरशिप सोडायला लागतं ते धाडस मला त्याच्या सगळ्या सॅकपेक्षा मोठं वाटतं.

५. टेक्सन्सने त्याला घेतलं तेव्हा ह्यूस्टनवाल्यांनी हुर्यो उडवली होती म्हणे?

हो, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) अकराव्या नंबरवर त्याचं नाव आलं तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी नाराजी दाखवली. एक तर विस्कॉन्सिनचा, फारसा कोणाला माहीत नसलेला, आणि दुसरं म्हणजे ३-४ चा एंड म्हणजे सॅक काढणारा माणूस नाही असंच सगळे समजत होते (प्रश्न २). त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर सॅक काढणारा लाइनबॅकर व्हॉन मिलर गेला होता, लोकांना तसं काहीतरी हवं होतं.

ती नाराजी संपली ७ जानेवारी २०१२ ला. टेक्सन्सच्या इतिहासातला पहिलाच प्लेऑफ सामना, घरच्या मैदानावर, समोर सिनसिनाटी बेंगल्स, स्कोअर १०-१०, हाफटाइम जवळ आलेला. क्वार्टरबॅक अँडी डाल्टनने बॉल फेकला आणि वॉटने त्याच्या अगदी समोर उभं राहून तो दोन्ही हातांत झेलला आणि २९ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, शिरला. सामना ३१-१० ने जिंकला. डाल्टन स्वतः ह्यूस्टनजवळच्या केटीचा मुलगा, त्यामुळे इथे त्या डावाची अजून जास्त चर्चा झाली.

६. २०१२ ते २०१५ या चार वर्षांचं एवढं कौतुक का करतात?

कारण लाइनमध्ये खेळणाऱ्या माणसाने सलग चार वर्षं एवढं करून दाखवलेलं माझ्या बघण्यात दुसरं नाही. आधी आकडे. २०१२ ला २०.५ सॅक, २०१३ ला १०.५, २०१४ ला परत २०.५, २०१५ ला १७.५, चार वर्षांच्या मिळून ६९. दोन वेगवेगळ्या सीझनमध्ये वीसच्या वर सॅक काढणारा तो एनएफएलमधला पहिला. चारही वर्षं ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये.

पण नुसत्या सॅक मोजल्या तर अर्धंच चित्र दिसतं. २०१२ मध्ये त्याने ३९ वेळा टॅकल फॉर लॉस केलं, म्हणजे पळणारा असो की फेकणारा, जवळपास प्रत्येक सामन्यात दोन-तीनदा समोरच्याचा डाव मागेच मोडला. त्याच वर्षी १६ पास हाताने उडवले, हा आकडा मागे उभं राहणाऱ्या कॉर्नरबॅकला शोभणारा आहे. युक्ती अशी की क्वार्टरबॅकपर्यंत पोचता येणार नाही असं दिसलं की तो जागेवरच थांबून, क्वार्टरबॅकचा फेकणारा हात वर गेला की आपले लांब हात वर करायचा, ठेका बरोबर साधून. म्हणजे ब्लॉकरने आपलं काम चोख केलं तरी डाव फुकट. यावर समोरच्या कोचकडे उपाय नव्हता, दोन माणसं लावली तरी तो मधूनच निसटायचा, तीन लावली तर बाकीचे मोकळे.

आणि २०१३ विसरू नका. ते वर्ष कोणी आठवत नाही कारण टीम २-१४ ने गेली, सलग १४ सामने हरली. टीम मागे असली की समोरचे पास कमी फेकतात, घड्याळ घालवायला बॉल पळवत राहतात, मग सॅकला संधीच कमी. तशा वर्षात त्याने साडेदहा सॅक काढल्यात आणि शेवटच्या सामन्यापर्यंत तसाच तुटून पडत होता. २०१४ पेक्षा मला कधी कधी २०१३ जास्त थोर वाटतं.

७. डिफेन्सचा असून टचडाऊन कसे केले? नियमात बसतं का?

बसतं. २०१४ च्या एका सीझनमध्ये पाच टचडाऊन केले. एक इंटरसेप्शनवर, म्हणजे समोरच्याचा पास मधेच झेलून, बफेलो बिल्सविरुद्ध तब्बल ८० यार्ड पळून, एक इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध सुटलेला बॉल उचलून, आणि उरलेले तीन चक्क ऑफेन्समध्ये जाऊन पास पकडून, रेडर्स, ब्राउन्स आणि टायटन्स या टीमविरुद्ध. एंड झोन एक-दोन यार्डांवर असला की कोच त्याला आत पाठवायचे, टाइट एंडची जुनी सवय कामाला आली (प्रश्न ४).

यात एक तांत्रिक अट आहे. त्याचा ९९ हा पास पकडायला पात्र नसलेला नंबर, त्यामुळे असा खेळाडू आत आला की आधी रेफ्रीला सांगावं लागतं आणि रेफ्री ते समोरच्या टीमला जाहीर करतो. म्हणजे समोरच्यांना माहीत असायचं की वॉट आलाय, तरी पास त्यालाच जायचा आणि तो पकडायचाही.

८. मग २०१४ ला एमव्हीपी त्याला का नाही मिळाला?

तेव्हा ५० जण मत द्यायचे. सर्वोत्तम डिफेन्स प्लेअरसाठी त्याला ५० पैकी ५० मतं पडली, असं पहिल्यांदाच घडलं. एमव्हीपीसाठी, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूच्या किताबासाठी, मात्र क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला ३१ आणि वॉटला १३. डिफेन्सच्या माणसाला एमव्हीपी आजवर दोनदाच मिळालाय, १९७१ ला ॲलन पेज आणि १९८६ ला लॉरेन्स टेलर, एवढ्यावरून ओळखा मतदारांचा कल कुठे असतो. शिवाय टेक्सन्स ९-७ राहून प्लेऑफच्या बाहेर, ते नडलंच. माझं मत विचाराल तर त्या वर्षी तोच लीगमधला सगळ्यात भारी खेळाडू होता, क्वार्टरबॅक धरून.

९. त्याला इतक्या दुखापती झाल्या तरी कशा? क्रमाने सांगा.

२०१५ च्या सीझनचा शेवट हात मोडलेला असताना आणि जांघेचे स्नायू फाटलेले असताना खेळला, जानेवारी २०१६ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धचा प्लेऑफ अर्धवट सोडावा लागला आणि मग सर्जरी झाली. त्याच उन्हाळ्यात पाठीच्या मणक्यातल्या गादीची सर्जरी, घाईने परत आला, तीन सामन्यांत पाठ पुन्हा गेली, दुसरी सर्जरी, सीझन संपला. २०१७ ला पाचव्या सामन्यात परत चीफ्सविरुद्धच गुडघ्याखालचं हाड फुटलं. २०१८ ला सगळे म्हणत होते की आता संपला, तर हा सोळाही सामने खेळला, १६ सॅक, लीगमध्ये सगळ्यात जास्त म्हणजे ७ वेळा समोरच्याच्या हातातून बॉल पाडला आणि पुन्हा ऑल-प्रो. २०१९ ला आठव्या सामन्यात छातीचा स्नायू फाटला. २०२१ ला ॲरिझोनात खांदा, सात सामन्यांनंतर. २०२२ ला हृदयाचं, ते प्रश्न १३ मध्ये.

ह्यूस्टनमधली २०१६, २०१७, २०१९ ही तीन वर्षं धरली तर ३२ सामने हुकले, तेव्हाच्या हिशोबाने (सीझन सोळा सामन्यांचा) बरोब्बर दोन सीझन. १३० किलोचं शरीर, दर डावाला दोघांशी टक्कर आणि वर हे दुखणं अंगावर काढून खेळणं, यातलं शेवटचं टाळता आलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं, २०१६ ला तर नक्कीच.

१०. हार्वे वादळाच्या वेळी त्याने नक्की काय केलं?

ऑगस्ट २०१७ च्या शेवटी हार्वे आलं आणि ह्यूस्टन पाण्याखाली गेलं. वॉटने स्वतःचे एक लाख डॉलर घालून ऑनलाइन फंड सुरू केला, उद्दिष्ट होतं दोन लाखांचं. तीन आठवड्यांच्या आत ३७ मिलियन डॉलर जमले, आणि नंतर आकडा ४१ मिलियनच्या वर गेला. पैसे एकदम वाटून टाकले नाहीत, वेगवेगळ्या संस्थांमार्फत घरदुरुस्ती, अन्न, पाळणाघरं, औषधपाणी यांवर टप्प्याटप्प्याने खर्च झाले आणि किती कुठे गेले ते जाहीर होत राहिलं, अकराशेच्या वर घरं दुरुस्त किंवा नव्याने उभी झाली. त्या वर्षीचा समाजकार्यासाठी देतात तो वॉल्टर पेटन मॅन ऑफ द इयर पुरस्कार त्याला मिळाला.

इथल्या आपल्या लोकांमध्ये खेळाचा गंध नसलेले काका-मावशीसुद्धा त्याचं नाव आदराने का घेतात, त्याचं कारण हे आहे.

११. १०० मिलियनचा करार झाला होता, मग सगळे पैसे मिळाले का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सप्टेंबर २०१४ ला सहा वर्षांची मुदतवाढ झाली १०० मिलियन डॉलरची, पण त्यातले हमीचे साधारण ५२ मिलियनच होते. एनएफएलमध्ये हमी नसलेली रक्कम त्या वर्षी टीमने ठेवलं तरच मिळते, मधेच सोडून दिलं तर नाही. त्याला दुखापतींतही टीमने ठेवलं, त्यामुळे बहुतेक वर्षांचे पैसे मिळाले, फक्त शेवटचं २०२१ चं वर्ष, साडेसतरा मिलियनचं, त्याने स्वतःच सोडलं. का, ते पुढच्या प्रश्नात.

१२. ह्यूस्टन का सोडलं? आणि ॲरिझोनात ९९ नंबर कसा मिळाला, तो तर रिटायर केलेला होता ना?

२०२० ला टीम ४-१२ ने गेली, कोच आणि जनरल मॅनेजर सीझन चालू असतानाच काढले, पुढे सगळं नव्याने उभं करायचं होतं आणि वॉट तेव्हा ३१ वर्षांचा. त्याने मालकांना भेटून मोकळं करायची विनंती केली, त्यांनी ती मानली, १२ फेब्रुवारी २०२१ ला जाहीर झालं. भांडण नाही, काही नाही. मार्चमध्ये कार्डिनल्सशी दोन वर्षांचा करार.

कार्डिनल्सचा ९९ नंबर मार्शल गोल्डबर्ग यांच्या सन्मानार्थ रिटायर केलेला, म्हणजे पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरवलेला होता, १९४७ ला जिंकलेल्या टीममधले ते खेळाडू. त्यांच्या मुलीने आनंदाने परवानगी दिली म्हणून वॉटला तो घालता आला. म्हणजे रिटायर केलेला नंबर घरच्यांच्या आणि टीमच्या संमतीने परत वापरता येतो.

१३. हृदयाला शॉक देऊन तीन दिवसांत खेळला, हे खरं की अफवा?

खरं, त्याने स्वतः सांगितलं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर बुधवारी हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागले, गुरुवारी डॉक्टरांनी शॉक देऊन ठेका परत बसवला, आणि रविवारी २ ऑक्टोबरला कॅरोलायनाविरुद्ध खेळला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तेव्हा बायको किलिया गरोदर होती, पहिलं बाळ काही आठवड्यांवर आलेलं. त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज दाटून आला होता.

१४. धाकटा टी.जे. वॉट जास्त चांगला की हा?

टी.जे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा, त्याच्यात क्वार्टरबॅकवर टोकावरून धाव घेण्याचं कसब थोरल्यापेक्षा कणभर जास्तच आहे, २०२१ ला २२.५ सॅक काढून मायकल स्ट्राहनच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली आणि सर्वोत्तम डिफेन्स प्लेअर झाला. त्याने शंभर सॅक पण केव्हाच ओलांडल्या. पण तो लाइनबॅकर आहे, सुरुवात मोकळ्या जागेतून करतो, हा गर्दीतून करायचा. म्हणून मी अजूनही थोरल्याच्या बाजूने. मधला डेरेकही एनएफएलमध्ये फुलबॅक होता, आणि २७ सप्टेंबर २०२० ला पिट्सबर्गमध्ये तिघेही एकाच सामन्यात खेळले, दोघे एका बाजूला आणि जे.जे. एकटा दुसऱ्या.

१५. सुपर बोल सोडा, कॉन्फरन्स फायनलही (सुपर बोलच्या आधीचा सामना) खेळला नाही, मग महान कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न असतो, २०१४ आणि २०१५ ला टेक्सन्सचा क्वार्टरबॅक कोण होता ते सांगा. २०१४ ला फिट्झपॅट्रिक, मॅलेट, कीनम. २०१५ ला हॉयर, मॅलेट, येट्स, वीडन. दोन वर्षांत एवढी नावं, आणि हा माणूस पलीकडे कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ करतोय. डिफेन्सिव्ह एंडने कितीही केलं तरी आपल्या टीमचे पॉइंट करणं त्याच्या हातात फारसं नसतं, त्याने तेही केले (प्रश्न ७). २०१२ ला टीम १२-४ होती, न्यू इंग्लंडने प्लेऑफमध्ये ४१-२८ ने हरवलं. जानेवारी २०२० ला चीफ्सविरुद्ध २४-० पुढे असताना ५१-३१ ने हरले. सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळणारी अंगठी हा टीमचा हिशोब आहे, त्यावरून लाइनमधल्या एका माणसाचं मोठेपण मोजणं मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

१६. लॉरेन्स टेलर, ॲरन डोनाल्ड आणि वॉट यांत मोठा कोण?

तिघांनाही सर्वोत्तम डिफेन्स प्लेअरचा किताब तीन तीन वेळा. टेलरच्या अधिकृत सॅक १३२.५, पण त्याचा पहिला सीझन १९८१ चा, त्या सॅक यात नाहीतच (प्रश्न ३). त्याच्यामुळे ऑफेन्सवाल्यांना डावी बाजू सांभाळायची पद्धतच बदलावी लागली, म्हणून एकूण कारकिर्दीत तो पहिला. डोनाल्ड अगदी मधून खेळायचा, जिथून सॅक काढणं सगळ्यात कठीण, फारसा जखमीही झाला नाही आणि सुपर बोलही जिंकला. सातत्य बघायचं तर डोनाल्ड. पण कोणाचीही सलग चार वर्षं निवडायला सांगितली तर मी वॉटची २०१२ ते २०१५ निवडेन.

१७. शेवटच्या वर्षी साडेबारा सॅक होत्या, तरी रिटायर का झाला?

मुलगा कोआचा जन्म ऑक्टोबर २०२२ चा, शरीराचं काय झालं होतं ते वर आलंच आहे (प्रश्न ९ आणि १३). २७ डिसेंबर २०२२ ला जाहीर केलं, शेवटचा सामना ८ जानेवारी २०२३, फोर्टी-नायनर्सविरुद्ध, त्यातही दोन सॅक. वय ३३. आता सीबीएस या टीव्ही चॅनेलवर सामन्यांचं विश्लेषण करतो, आणि नवरा-बायकोंनी इंग्लंडच्या बर्न्ली फुटबॉल क्लबमध्ये पैसे गुंतवलेत.

१८. हॉल ऑफ फेममध्ये कधी जाणार?

या खेळातल्या महान खेळाडूंच्या त्या यादीत यायला रिटायर झाल्यावर पाच सीझन बाहेर राहावं लागतं, म्हणून नाव विचारात येईल ते २०२८ च्या यादीसाठी. पहिल्याच वर्षी निवड व्हावी असं मला मनापासून वाटतं. टेक्सन्सने १ ऑक्टोबर २०२३ लाच त्याला रिंग ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे टीमच्या स्वतःच्या मानाच्या यादीत, घेतलं, सामना स्टीलर्सशी ठेवलेला, म्हणजे टी.जे.सुद्धा मैदानात होता.

१९. मी नवीन आहे, कुठले सामने बघू?

सुरुवात जानेवारी २०१२ च्या बेंगल्स सामन्यापासून करा. मग २०१४ चा बफेलोचा सामना, ८० यार्डवाला. तिसरा म्हणजे ४ जानेवारी २०२० चा बिल्सविरुद्धचा प्लेऑफ, छातीचा स्नायू फाटून दहा आठवडे झालेले, टेक्सन्स १३-० आणि नंतर १६-० ने मागे, स्टेडियम गप्प, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये वॉटने जॉश ॲलनला पाडलं, तिथून सामना फिरला आणि ओव्हरटाइममध्ये २२-१९ ने जिंकले. हायलाइट्स नको, पूर्ण बघा, आणि बॉलकडे न बघता प्रत्येक डावाला फक्त ९९ नंबरवर नजर ठेवा, किती जण त्याच्या अंगावर येतात ते मोजत.